मलिद्याचे ताट : एका शिळाछाप मालिकेच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२२

मालिकेचा विषय आज पक्का केला. पूर्वीच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाच्या घरांतल्या स्त्रियांनी आपली गाणी, आपले सणवार आणि आपले रांधप कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून इस्रायलला कसे नेले, हे सहा शिळाछापांत, म्हणजे दगडावर काढून छापलेल्या चित्रांत, आणि एका ध्वनिमुद्रणात मांडायचे आहे. या समाजाची हकिकत बहुधा नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतापासून सुरू होते. पुढे शनिवारी, यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ येतात, १७९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात समाजाचे पहिले सिनेगॉग म्हणजे प्रार्थनामंदिर उभारणारे सॅम्युएल दिवेकर येतात, आणि त्यांच्यामागून पलटणीतले अंमलदार, रेल्वेतले कारकून, शिक्षक आणि डॉक्टर येतात. या साऱ्यात स्त्रिया येतात त्या मुख्यतः संख्येने. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, असे परंपरा सांगते, आणि वाहून आलेली प्रेते ज्या दफनभूमीत पुरली असे मानतात तिथेही पुरुषांचा एक आणि स्त्रियांचा एक असे दोन उंचवटे दाखवले जातात. त्यानंतरच्या शतकांमध्ये त्या सातजणींच्या लेकी-नातींनी घरात काय केले, हे मात्र कथेत पुढे येत नाही.

म्हणून गलबत काढायचे नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवले. नकाशाही काढायचा नाही. स्थलांतर म्हटले की या दोन गोष्टी हाताखाली आपोआप येतात, आणि एकदा त्या कागदावर आल्या की स्त्रीचे काम पुन्हा मागे सरकते.

माझ्याविषयी एक गोष्ट इथे नोंदवणे आवश्यक आहे. मी बेने इस्रायल नाही. माझे बालपण अलिबागेत गेले, इस्रायल आळी रोजच्या वाटेवर होती आणि तिथल्या मागेन अबोथ सिनेगॉगवरचा तारा मी अक्षरओळख होण्याच्या आधीपासून पाहत आले. तेवढ्यावर मला या विषयाचा हक्क मिळतो असे मी मानत नाही. त्यामुळे ज्या स्त्रिया मला आपली गाणी देतील त्यांनी पाहून मान्य केल्याखेरीज कोणताही दगड छापायला घ्यायचा नाही, असा नियम घालून घेतला आहे.

२९ जून २०२२

पुण्यात १८७४ साली शिळाछापावर छापलेल्या मराठी हगादेचे सचित्र पान आज मोठे करून पाहिले. हगादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री कुटुंबाने एकत्र बसून वाचायचे पुस्तक. मिसर देशातून झालेल्या सुटकेची कथा त्यात आहे. बेने इस्रायल समाजासाठी ते मराठी अनुवादासह छापले गेले, आणि १८४६ मध्ये मुंबईतही असे एक पुस्तक निघाले होते. पुण्याच्या पुस्तकातल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आहेत. त्या लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत, आणि त्यांच्या कामाचे टप्पे एकामागून एक मांडलेले आहेत.

या चित्राने मला थांबवले ते पोशाखामुळे नव्हे. यहुदी विधी आणि मराठी लुगडे एकत्र पाहून आज अनेकांना नवल वाटते. १८७४ च्या वाचकाला मात्र त्यात नवल वाटण्याजोगे काहीच नसणार, कारण त्याच्या घरात रोज तेच दिसत होते. मला महत्त्वाचे वाटले ते असे की, चित्रकाराने सणाचे चित्र काढायचे ठरवल्यावर बायकांच्या कामाचा क्रम काढला. धर्मग्रंथाच्या पानावर स्वयंपाकघराचे काम जसेच्या तसे, पायरीपायरीने आले आहे. बसण्याची पद्धत तर कोकणातल्या कोणत्याही घरातली आहे: एक गुडघा वर, दुसरा पाय मुडपलेला, पाठ किंचित पुढे. पीठ मळणाऱ्या बाईचा जोर खांद्यातून येतो हे काढणाऱ्याने पाहिलेले असले पाहिजे.

मालिकेची रचना या पानावरूनच घ्यायची आहे. वल्हांडणाच्या भाकरीऐवजी मलिद्याचे ताट घेणार, कारण मलिदा हा या समाजाचा स्वतःचा विधी आहे. जगातल्या इतर यहुदी समाजांत तो या रूपात आढळत नाही. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची, सुकामेवा, भोवती फळे आणि गुलाब, आणि एलियाहू हनावी म्हणजे संदेष्टा एलिया याच्या नावाने म्हटलेले गीत. लग्नाआधी, नवस फेडताना, मूल झाल्यावर, प्रवासाला निघण्यापूर्वी मलिदा होतो. ताट तयार करण्याचे बरेचसे काम बायकांच्या हातचे असते.

१९ जुलै २०२२

दगड घासायला घेतले. शिळाछापाचा चुनखडीचा दगड दोन मापांचा आहे. मोठ्यावर बसलेल्या आकृती येतील आणि लहानावर वह्यांतली अक्षरे. जुने चित्र पूर्ण जाईपर्यंत कार्बोरंडमची पूड आणि पाणी टाकून लोखंडी चकती फिरवावी लागते, आधी भरड पूड, मग बारीक, आणि मधूनमधून पट्टी आडवी धरून पृष्ठभाग सपाट आहे की नाही हे पाहावे लागते. हे काम दमवणारे आहे, तरी ते दुसऱ्यावर सोपवू नये असे माझे मत आहे, कारण दगडाचा रवा कसा उतरला आहे हे हाताला कळले की पेन्सिल कुठे कितपत दाबायची याचा अंदाज नंतर बरोबर येतो.

पावसाळ्यात या माध्यमाचा स्वभाव बदलतो. हवेतल्या ओलाव्याने कागद फुगतो आणि दुसरा रंग छापताना पहिल्यावर नेमका बसत नाही. डिंकाचा थरही वाळायला फार वेळ घेतो. म्हणून सप्टेंबर संपेपर्यंत छापायचे नाही, फक्त रेखाटने करायची आणि माणसांना भेटायचे.

८ ऑगस्ट २०२२

काल जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या स्मृतीचा उपास होता, आणि संध्याकाळी उपास सुटल्यावर बिरड्याचे कालवण आणि भात असे जेवण असलेल्या एका घरी मला बोलावले होते. याला जुनी माणसे ‘बिरड्याचा सण’ म्हणतात. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास लिहिलेल्या समाजाच्या इतिहासात अशी सगळी देशी नावे नोंदवली आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, दार फळणीचा सण. मुंबईत अरबस्तानातून व कोचीनकडून आलेल्या यहुद्यांशी आणि मिशनऱ्यांच्या शाळांशी संबंध वाढल्यावर हिब्रू नावे रूढ झाली. ही घडामोड पुरुषांच्या प्रार्थनेत आणि पुस्तकांत आधी झाली; घरातल्या आज्या मात्र बिरडे हेच नाव घेत राहिल्या, कारण त्यांना सणाची तयारी वाल भिजवण्यापासून करावी लागत होती.

वाल सोलणे मी आज जवळून पाहिले आणि रेखाटले. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून ठेवतात; साल सैल झाली की अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दाणा धरून मागून दाबतात आणि तो मोडासकट सुटून पातेल्यात पडतो. घरच्या आजी बोलत असताना त्यांच्या चिमटीकडे त्यांचे लक्षही नव्हते. त्यांची सून आणि नात त्याच परातीतून सोलत होत्या, आणि तिघींची गती निरनिराळी होती. आजींचे दाणे अखंड, सुनेचे बहुतेक अखंड, नातीच्या हाती बरेच दुभंगत होते. कोणी तिला त्यावरून काही म्हटले नाही. चौथ्या छापासाठी हीच मांडणी घ्यावी असे वाटते: एक परात आणि तिच्याभोवती बसलेल्या एकाच घरातल्या बायका.

३ सप्टेंबर २०२२

स्थलांतर आणि स्त्रीची स्मृती या विषयावर आपल्या उपखंडातल्या ज्या चित्रकर्तींनी काम केले आहे, त्यांची चित्रे पुन्हा एकदा नीट पाहिली. अलीगढला जन्मलेल्या झरीना हाश्मी (१९३७–२०२०) यांचे काम मुद्रणाच्या दृष्टीने मला सर्वांत जवळचे आहे. फाळणीनंतर काही वर्षांनी त्यांचे आईवडील पाकिस्तानात गेले, त्या स्वतः अनेक देशांत राहिल्या, आणि कराचीला राहणाऱ्या बहिणीची उर्दू पत्रे त्यांनी आपल्या छापांत घेतली. त्यावर घराचा आराखडा, शहराची रेषा असे मोजकेच आकार त्यांनी छापले. पत्र वाचता न येणाऱ्यालाही पत्राचे वजन जाणवावे, इतकी ती रचना संयमी आहे. नलिनी मलानी १९४६ मध्ये कराचीत जन्मल्या आणि फाळणीत त्यांचे कुटुंब इकडे आले. फिरत्या पारदर्शक नळकांड्यांवर चितारून त्यांच्या सावल्या भिंतीवर सोडण्याची त्यांची पद्धत स्मृतीला एका जागी थांबू देत नाही.

माझ्या विषयाला थेट भिडणारे काम सियोना बेंजामिन यांचे आहे. त्या १९६० मध्ये मुंबईत, बेने इस्रायल कुटुंबात जन्मल्या आणि आता अमेरिकेत राहतात. लघुचित्रांच्या शैलीतल्या त्यांच्या निळ्या कांतीच्या स्त्रिया बायबलमधल्याही आहेत आणि आपल्या पुराणांतल्याही वाटतात. स्वतः त्या समाजातली असल्याने त्यांना प्रतीकांशी जी मोकळीक घेता येते, ती मला घेता येणार नाही. मी प्रतीक टाळून कामाकडे पाहिले पाहिजे. आज हे स्पष्ट झाल्यामुळे रेखाटनांच्या वहीतून मेनोरा म्हणजे यहुद्यांचा अनेक फांद्यांचा दिवा, मंगळसूत्र आणि मेंदीचा हात असलेली पाने बाजूला काढली. ती चित्रे दिसायला चांगली होती, पण कोणत्याही स्मृतिवस्तूंच्या दुकानात शोभली असती.

२७ सप्टेंबर २०२२

यहुदी नव्या वर्षाच्या सणानिमित्त ठाण्याला एका घरी गव्हाच्या चिकाचा हलवा करताना पाहिला. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढायचा आणि तो नारळाच्या दुधात, साखर घालून, हात न थांबवता ढवळत राहायचे. मांसासोबत दूध वर्ज्य असल्याने या घरांत नारळाचे दूध सर्वत्र कामी येते; कोकणात नारळ हाताशी असणे आणि धर्माचा नियम पाळणे यांची सांगड किती सहज बसली हे या एका जिन्नसावरून दिसते.

महत्त्वाची गोष्ट हलव्यापलीकडची आहे. या घरातल्या मावशी उभ्या राहून काम करत होत्या. त्यांच्या आईने अलिबागजवळच्या गावात हाच हलवा चुलीपुढे बसून केला, मुंबईच्या चाळीत आल्यावर स्टोव्हपुढे बसून केला, आणि ठाण्याच्या सदनिकेत ओटा आल्यावर ती पहिल्यांदा उभी राहिली, असे मावशींनी सांगितले. नंतर त्यांनी इस्रायलमधल्या अश्दोदला राहणाऱ्या बहिणीशी व्हिडिओवर बोलणे करून दिले. त्यांचाही हलवा चुलीवर होता, म्हणजे विजेच्या शेगडीवर; नारळाचे दूध डब्यातले; आणि त्या उंच ओट्याशी उभ्या होत्या. नारळ खवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी गोठवलेल्या खोबऱ्याची पिशवी कॅमेऱ्यापुढे धरली. विळी मात्र त्यांनी भारतातून जाताना नेली होती आणि ती अजून कपाटात आहे. गुडघ्यांमुळे आता तिच्यावर बसवत नाही.

मालिकेचा कणा इथे सापडला. १८७४ च्या पानावरची बाई जमिनीवर बसली आहे आणि २०२२ मधली ओट्याशी उभी आहे. ताट तेच आहे. नकाशा किंवा जहाज न दाखवता स्थलांतर दाखवायचे तर ते या शरीराच्या उंचीतून दाखवता येईल. पहिल्या छापात जमीन, दुसऱ्या-तिसऱ्यात पाट आणि विळी, चौथ्यात परातीभोवतीचे बसणे, पाचव्यात चाळीतला स्टोव्ह आणि अर्धवट उठलेली बाई, सहाव्यात ओटा. नौवारी, मग पाचवारी, मग झगा किंवा पँट हे बदल आपोआप येतील, पण ते दुय्यम राहतील. लुगड्याच्या निऱ्या काढण्यात मी रमून जाते, याची आठवण स्वतःला देत राहायला हवी, कारण पाठीचा कल आणि कोपराचा कोन हा या मालिकेचा खरा मजकूर आहे.

१७ नोव्हेंबर २०२२

चौथ्या छापाविषयी आज दिवसभर विचार केला. त्यासाठी इस्रायलमधल्या पहिल्या दोन दशकांचा इतिहास पुन्हा वाचला.

१९४८ नंतर कुटुंबे जाऊ लागली. सुरुवातीचा काळ कठीण होता. बेर्शेबात राहणाऱ्या काहींनी भेदभावाची तक्रार करत १९५१–५२ मध्ये धरणे धरले आणि भारतात परत पाठवण्याची मागणी केली, आणि त्यांच्यातले काही खरोखर परत आले. त्याहून खोल जखम १९६० नंतरची आहे. काही रब्बींनी म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी बेने इस्रायल व्यक्तींचे इतर यहुद्यांशी विवाह लावण्यास नकार दिला, आणि १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कचेरीतून निघालेल्या सूचनांनी असे ठरवले की, विवाहापूर्वी आईची, तिच्या आईची आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी व्हावी. समाजाने याविरुद्ध दोन वर्षे लढा दिला, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये मोठे आंदोलन झाले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, असा ठराव केला.

या लढ्याच्या बहुतेक वर्णनांत कायदा, रब्बींचे अधिकार आणि पंतप्रधानांची भूमिका यांची चर्चा असते. माझे लक्ष त्या चौकशीच्या दिशेकडे जाते. यहुदी धर्मशास्त्रात वंश आईकडून धरतात, त्यामुळे संशयाचा रोख सरळ आज्यांवर आला. ज्या बाईने कोकणातल्या खेड्यात, कोणी रब्बी नसताना, पुस्तक नसताना, शनिवारी चूल न पेटवता आणि माशांतला खवले असलेला व नसलेला भेद राखून घर चालवले, तिने तो धर्म टिकवला की नाही याचा पुरावा तिच्या नातीकडे मागितला गेला. कागद कुठून असणार? अशा बाईची नोंद कुणीच ठेवलेली नव्हती. नोंद सापडते ती शिकलेल्या स्त्रियांची: १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिल्या आलेल्या आणि पुढे माझगावच्या सर एली कदुरी शाळेच्या मुख्याध्यापिका झालेल्या रिबेका रुबेन यांची, किंवा कामा रुग्णालयाच्या प्रमुख राहिलेल्या आणि १९६६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांची. त्या दोघींचा अभिमान मला वाटतोच. परंतु चौथा छाप मी ज्यांचा कागद नव्हता त्यांचा ठरवला आहे.

तो असा असेल. परातीभोवती चार पिढ्या वाल सोलत बसल्या आहेत. सगळ्यांत मागची आकृती दगडावर सर्वांत फिकट, नुसत्या सुक्या पेन्सिलीच्या रव्यात, आणि पुढे येताना शाई गडद. पाठीमागे काही लिहायचे नाही, ठरावाची तारीखही नाही. तारीख भित्तिपत्रावर सविस्तर येईल, कारण प्रेक्षकाला हा इतिहास माहीत असलाच पाहिजे. मात्र चित्रातल्या बायकांच्या अंगावर तो लिहून त्यांना पुन्हा पुराव्याच्या रांगेत बसवायचे नाही.

२० डिसेंबर २०२२

गाण्यांच्या वह्या. हा भाग सर्वांत समृद्ध आहे आणि सर्वांत जपून हाताळण्याचा.

१८८० च्या सुमारास बेने इस्रायल पुरुषांनी मराठी कीर्तनाची पद्धत उचलली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, कटाव अशा छंदांत रचली. ही पदे छापली गेली. नंतर ती बायकांनी आपल्या वह्यांत उतरवून घेतली, त्यांत स्वतःची भर घातली, नाट्यगीतांच्या आणि पुढे सिनेमाच्या चाली लावल्या, आणि मेंदीच्या रात्री, बाळंतिणीच्या घरी, मलिद्याच्या वेळी म्हटली. पुरुषांची कीर्तने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विरळ झाली. वह्या मात्र राहिल्या, आणि इस्रायलला गेलेल्या सामानातही त्या होत्या.

ठाण्याच्या मावशींनी दाखवलेली वही शाळेच्या वापरातली, आडव्या रेघांची आहे. पुठ्ठा गेला आहे आणि त्याजागी जुन्या दिनदर्शिकेचा जाड कागद टाक्यांनी शिवला आहे. शिवण दोऱ्याची आहे, पुस्तकबांधणीची नव्हे. गोधडीला घालतात तसा धावदोरा. आत तीन हातांची अक्षरे दिसतात. पहिले बोरूच्या सवयीचे, जाडबारीक. दुसरे शाळेत घोटवलेले गोल. तिसरे निळ्या बॉलपेनचे, घाईचे. योसेफाला भावांनी विकल्याचे एक पद पहिल्या हातात सुरू होते आणि तिसऱ्या हातात पूर्ण होते. बहुधा मधले पान फाटले आणि लेकीने किंवा नातीने आठवणीतून ते पुन्हा लिहिले. एका कडव्यावर तेलाचा डाग आहे, आणि त्या डागाखालची ओळ शेजारी समासात पुन्हा लिहून ठेवलेली आहे.

अश्दोदच्या मावशींकडची वही वेगळी. त्यांच्या मुलीला मराठी बोललेले समजते, परंतु देवनागरी वाचता येत नाही, म्हणून आईने सांगितलेली मराठी गाणी तिने हिब्रू लिपीत लिहून घेतली आहेत. गाताना तिचे उच्चार थोडे बदलतात, ‘ळ’ तिला जड जातो, आणि आई तिला मध्येच थांबवून शब्द पुन्हा म्हणायला लावते. त्या थांबवण्यासह ध्वनिमुद्रण करण्याची दोघींनी परवानगी दिली. मला संपूर्ण, स्वच्छ म्हटलेल्या गाण्यापेक्षा हे अधिक मोलाचे वाटते, कारण गाणे एका पिढीतून दुसरीत जाताना नेमके काय घडते ते त्यात ऐकू येते.

वह्या प्रदर्शनात काचेखाली ठेवण्याची सूचना एका दालनाकडून आली होती. ती मी नाकारली आहे. या वह्या अजून वापरात आहेत. सण आला की त्या उघडाव्या लागतात.

१२ जानेवारी २०२३

अक्षरे दगडावर लिहायला घेतली. शिळाछापात दगडावर जे उलटे ते कागदावर सुलटे येते, म्हणून तेलकट शाईने सगळा मजकूर आरशातल्यासारखा लिहावा लागतो. वह्यांतली दोन कडवी, एक देवनागरीतले आणि एक हिब्रू लिपीतले मराठी, शेजारीशेजारी घेतली आहेत. दगडावर मराठी उजवीकडून डावीकडे चालते आणि हिब्रू डावीकडून उजवीकडे, आणि दोन्ही लिपी मधल्या रेषेशी एकमेकींकडे पाठ करून सुरू होतात. कागदावर उतरल्यावर त्यांच्या बाजू बदलतील, पण त्या तशाच मधल्या रेषेपासून दोन दिशांना निघतील. ही रचना मी योजून केलेली नाही. माध्यमानेच ती दिली आणि मी तिला हात लावला नाही.

हिब्रू अक्षरे मी स्वतः वळणदार काढण्याचा प्रयत्न करणार नाही, अश्दोदच्या मुलीचे अक्षर जसे आहे तसेच गिरवले आहे. एकोणिसाव्या शतकात हे तंत्र आपल्याकडे लवकर रुजले त्यामागे हेच कारण होते की, खिळे जुळवण्याची गरज नसे आणि लेखकाचे हस्ताक्षर तसेच छापता येई. पोथ्या, पंचांगे आणि बेने इस्रायलांची पुस्तके या तंत्राने निघाली. डिंक आणि नायट्रिक आम्लाचे सौम्य मिश्रण लावून दगड आज रात्रभर ठेवला आहे.

७ फेब्रुवारी २०२३

काल झाडांच्या नव्या वर्षाचा सण होता. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याजवळ एक खडक आहे. एलियाहू हनावी रथातून स्वर्गात गेला तेव्हा रथाची खूण तिथे उमटली, अशी समाजाची श्रद्धा आहे, आणि त्याला ‘एलियाहू हनावीचा टापा’ म्हणतात. तिथे जमलेल्यांत मुंबई-ठाण्याची माणसे होती आणि इस्रायलहून आलेली कुटुंबेही होती. भारतात आज हा समाज काही हजारांवर आला आहे, त्यामुळे अशा दिवशी परदेशातून आलेल्यांची गर्दी लगेच जाणवते.

मलिद्याची तयारी सुरू होती तिथे मी बसून राहिले. मोठ्या परातीत पोहे, त्यावर खोबरे, त्यावर गूळ, आणि दोन बायका समोरासमोर बसून दोन्ही हातांनी खालून वर उचलत कालवत होत्या. पोहे मोडू नयेत म्हणून बोटे पसरलेली आणि तळवा सैल. यातली एक इस्रायलमधल्या लोदहून आलेली, पन्नाशीतली, पँट आणि सदरा घातलेली बाई होती. ती तिकडे ओट्याशी उभी राहूनच काम करत असणार. इथे परातीपुढे आल्यावर मात्र एक गुडघा वर घेऊन अगदी १८७४ च्या पानावरच्या बाईसारखी बसली. तिला कोणी तसे सांगितले नव्हते. परातीच्या काठाशी हात पोचवायचे तर शरीर तसेच बसते.

यामुळे सहाव्या छापात बदल करावा लागेल. बसण्यापासून उभे राहण्यापर्यंतचा एकमार्गी प्रवास, अशी माझी रचना होती. ती अपुरी आहे. सहाव्या छापात ओट्याशी उभी असलेली आकृती राहील, आणि तिच्याच जागी, दुसऱ्या दगडावरून, वेगळ्या शाईत, तीच बाई परातीपुढे बसलेली येईल. दोन्ही एकाच कागदावर, एकीवर दुसरी छापलेली. तपकिरी आणि काळा.

२१ मार्च २०२३

छपाई पूर्ण होत आली. हवा कोरडी असल्याने दोन्ही रंग नेमके बसत आहेत. सहाव्या छापात तपकिरी आधी छापून कागद दोन दिवस वाळवला आणि मग काळा चढवला. उलट क्रमाने बसलेली आकृती काळ्यावर उठून दिसत नव्हती. चौथ्या छापातली सर्वांत मागची आजी टिकवणे अवघड गेले, कारण सुक्या पेन्सिलीचा फिकट रवा काही छापांनंतर दगडावर भरू लागतो आणि आकृती गडद होते. म्हणून त्याची आवृत्ती इतरांपेक्षा लहान ठेवली आणि रवा भरू लागताच दगड बंद केला.

ठाण्याच्या मावशी आणि त्यांच्या घरच्या आजी कार्यशाळेत येऊन सगळे छाप पाहून गेल्या. आजींनी दुसऱ्या छापातली विळीवर बसलेली बाई बराच वेळ पाहिली आणि तिचा डावा पाय विळीच्या पाटावर नीट दाबलेला नाही, असा पाय ठेवला तर विळी सरकेल, असे सांगितले. दगडावर खरडून पाय दुरुस्त केला आणि आधीचे छाप रद्द केले. अश्दोदला चित्रे पाठवली होती. तिथून होकार आला, आणि तिसरे ध्वनिमुद्रित गाणे प्रदर्शनात वाजवू नये, ते फक्त बाळंतिणीपाशी म्हणायचे असते, असे कळवण्यात आले. ते गाणे काढून टाकले आहे. त्या ध्वनिमुद्रणाची प्रत त्यांच्या कुटुंबाकडेच राहील.

३० मार्च २०२३

मांडणीचे मोजमाप आज अंतिम केले. दालनात सर्व चित्रे डोळ्यांच्या पातळीवर एका रेषेत लावण्याची प्रथा आहे. ती इथे पाळायची नाही. पहिले चार छाप इतके खाली लागतील की ते पाहण्यासाठी खाली बसावे लागेल, आणि त्यांच्यापुढे लाकडी पाट ठेवले जातील. ज्यांना जमिनीवर बसता येत नाही त्यांच्यासाठी बुटकी बाके असतील. पाचवा त्यांच्या वर, गुडघे वाकवून पाहण्याच्या उंचीवर. सहाव्याखाली ओट्याच्या मापाचा, साधारण ८५ सेंटिमीटर उंच कट्टा बांधायचा आहे. ध्वनिमुद्रणासाठी कानाला लावायची यंत्रे नकोत असे सांगितले आहे, कारण ही गाणी कधी एकटीने ऐकण्यासाठी नव्हती. आवाज खोलीत सगळ्यांना मिळून ऐकू येईल.

भित्तिपत्रे मराठीत आणि हिब्रूत असतील. १९६२ च्या सूचना आणि १९६४ चा ठराव यांची माहिती चौथ्या छापाच्या शेजारी, पण बसलेल्या माणसाला सहज वाचता येईल अशा उंचीवर येईल. प्रत्येक छापाची एक प्रत ठाण्याला, एक अश्दोदला आणि एक अलिबागेला जाईल. विक्रीसाठी उरलेल्या प्रतींपैकी चौथा छाप वेगळा विकायचा नाही, पूर्ण संचातच द्यायचा, असे दालनाला लेखी कळवले आहे. कट्ट्याचे सुतारकाम सोमवारी सुरू होईल.